डेम्लो संख्या आणि हातचा

देवळाली येथील शाळाशिक्षक कै. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी मुंबईनजीकच्या एका रेल्वे स्थानकावरून ज्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले, त्यांपैकी काही केवळ १ या अंकाने लिहिलेल्या संख्यांच्या वर्गांतून मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. या शेवटच्या संख्येतील अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने निःशेष भागही जातो.

पुढेही असेच चालणार, असे विद्यार्थी येथे गृहीत धरतात. शिक्षकांनी लगेच दहा एकांचा वर्ग करावयास द्यावा. (खिशातील साध्या गणकयंत्रावर एवढे अंक मावत नाहीत, हे बरेच.) आपल्या हिंगोली जिल्ह्यातील द्विशिक्षकी शाळांतही चौकटींची वही असली की पुरे. गुणाकाराच्या ओळी एकाखाली एक मांडल्यावर मधल्या घरात दहा एक जमतात. तेथे शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो. तेथील ९ चे १० होतात, पुन्हा हातचा. त्यापुढील ८ चे ९. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१.

डावीकडचा ८ कोठे गेला, हे विद्यार्थ्याने फळ्यावर बोट ठेवून दाखविल्याशिवाय पुढील उदाहरण घेऊ नये.