शस्त्रक्रियेनंतरचे घर

हृदयावरील बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास, विशेष गुंतागुंत उद्भवली नाही तर, साधारणपणे आठवडाभरात घरी पाठविण्यात येते. त्या दिवशी घरच्या मंडळींना होणाऱ्या आनंदात भीतीचा अंशही मोठा असतो. काल-परवापर्यंत ज्यांच्या नाडीवर यंत्रांचा पहारा होता, त्या वृद्ध वडिलांची जबाबदारी आता मुलगा, सून आणि स्वतःच थकलेली पत्नी यांच्यावर येऊन पडते. सोबत सूचनांचा एक कागद मिळतो. त्या सूचनांमागील कारणे मात्र बहुधा कोणी समजावून दिलेली नसतात.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या म्हणजे त्यांना वळसा घालून रक्तासाठी नवी वाट तयार करणे, हे या शस्त्रक्रियेचे स्वरूप होय. पायातील नीला वापरण्याची पद्धत अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रूढ केली. भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम १९७५ साली, तेव्हाच्या मद्रासमधील पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. पायातील नीला आणि छातीच्या आतील बाजूची रोहिणी यांचाच उपयोग आजही प्रामुख्याने केला जातो. म्हणून रुग्ण घरी येतो तो बहुधा दोन जखमा घेऊन, एक छातीवर आणि एक पायावर.

घरातील सर्वांना चिंता असते ती हृदयाची. वस्तुतः पहिल्या काही आठवड्यांत अधिक जपावे लागते ते छातीच्या हाडाला. शस्त्रक्रियेच्या वेळी उरोस्थी मधोमध उभी कापतात व काम संपल्यावर पोलादी तारांनी बांधून टाकतात. ती सांधण्यास सहा ते आठ आठवडे आणि पूर्ण बळकट होण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोपर्यंत चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये, हे कागदावर लिहिलेले असते. पण न्हाणीघरातील भरलेली बादली दहा-पंधरा किलोंची असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. जमिनीवरचे अंथरूण व उकिडवे बसण्याचा संडास यांचाही असाच त्रास होतो, कारण उठताना सगळा भार हातांवर आणि पर्यायाने छातीवर येतो. खाट व खुर्चीवजा संडास यांची सोय रुग्ण घरी येण्यापूर्वीच करून ठेवावी. वडिलांना दोन्ही दंड धरून ओढून उठविणे, ही प्रेमळ मुलाच्या हातून घडणारी नेहमीची चूक आहे. त्यांनी कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि मुलाने पाठीमागून आधार द्यावा. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरावी. खोकला दाबून मात्र ठेवू नये, कारण कफ साठल्यास फुप्फुसांना अपाय होतो. हालचालीबरोबर छातीत हाडाचा खटखट आवाज होऊ लागला, जखमेतून स्राव आला किंवा ताप चढला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत हे दुपटीने खरे.

ज्या पायातील नीला काढली त्या पायाला थोडी सूज राहते. तिचे फारसे भय नाही. परंतु दोन्ही पाय सुजले, रोज सकाळी पाहिलेले वजन दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोंनी वाढले आणि आडवे होताच धाप लागू लागली, तर शरीरात पाणी साठत असल्याची ती खूण असते. लोणचे-पापड बंद करण्याचे कारण यातच आहे. छातीत धडधड सुरू होऊन नाडी अनियमित लागली, तरी डॉक्टरांना लगेच कळवावे.

यापेक्षा अवघड प्रश्न निराळाच आहे. वडील खुर्चीतून उठू लागले की तिघे जण धावतात, पाण्याचा पेला हाती आणून देतात, दारापर्यंतही जाऊ देत नाहीत. शुश्रूषेचा हा अतिरेक रुग्णाला दुबळे करतो. पहिल्या दिवसांत पाच मिनिटे, पुढे थोडे थोडे वाढवीत अर्धा तास असे चालणे हा औषधोपचाराचाच भाग आहे. गोळ्या चुकू नयेत याची काळजी घेणारे घर चालणे चुकले तर सुटकेचा श्वास टाकते, हे विपरीतच म्हणावे लागेल.

मनाचेही असेच. आयुष्यभर ज्यांच्या शब्दावर घर चालले, ते वडील क्षुल्लक कारणाने रडू लागले की मुले गोंधळून जातात. शस्त्रक्रियेनंतर रडू येणे, चिडचीड, झोपमोड, अन्नाची चव जाणे हे पुष्कळांना होते व ते बहुधा ओसरते. त्याला मनाचा दुबळेपणा समजून उपदेश करू नये. खर्चाचा आकडा लपविणे, निर्णय परस्पर घेणे यांनी मात्र त्यांचे दुःख वाढते. वाण्याचा हिशेब किंवा नातवाचा अभ्यास त्यांच्याकडे सोपविलेला बरा. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण सुटले, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. तिच्यावर उपचार आहेत, आणि ती दुर्लक्षिल्यास हृदयाची प्रकृतीही मंदगतीने सुधारते.

भेटीस येणारे लोक आपल्या ओळखीतील मृत रुग्णांच्या कथा घेऊन येतात. त्यांना पंधरा मिनिटांत निरोप देण्याचे काम सुनेवर टाकू नये. ते मुलाने करावे. आणि आईकडे कोणाचेच लक्ष नसते. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या या धांदलीत अनेकदा राहून जातात. रात्रीची जाग मुलांनी आळीपाळीने वाटून घ्यावी, दुपारी तिला दोन तास झोपू द्यावे, आणि वडिलांच्या गोळ्यांच्या तक्त्यातच खाली तिच्याही गोळ्या लिहून ठेवाव्यात.