नवे पुस्तक वाचकाच्या हाती

पुस्तकांचा गठ्ठा शाळेत आला म्हणजे ग्रंथपालाने प्रथम मागणीपत्र व देयक शेजारी ठेवून प्रत्येक प्रत ताडून पाहावी. एखादा फर्मा गळला आहे काय, पाने उलटी बांधली गेली आहेत काय, हे याच वेळी पाहावयाचे. शाळेचा शिक्का उमटल्यावर विक्रेता सहसा प्रत परत घेत नाही. जाड पुस्तक एकदम मधोमध उघडू नये. त्याची पाठ मेजावर टेकवून आधी दोन्ही पुठ्ठे खाली दाबावेत, मग आळीपाळीने दोन्ही बाजूंची थोडीथोडी पाने. काम मिनिटभराचे, पण बांधणी त्यामुळे पुष्कळ टिकते.

त्यानंतर दाखल नोंदवही. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा. पुस्तक हरवले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्यास देऊ नये.

वर्गीकरणासाठी १८७६ साली प्रसिद्ध झालेली ड्यूई यांची दशांश पद्धती शाळेला पुरेशी आहे. तीत पक्षी ५९८ येथे, भारताचा इतिहास ९५४ येथे आणि मराठी साहित्य ८९१.४६ येथे येते. सलीम अली यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाचा वर्गांक देशवाचक अंक जोडून लांबविता येईल. पण दोन कपाटांच्या ग्रंथालयात त्याची गरज काय? पक्ष्यांची पुस्तके एकत्र सापडली की झाले.

पुस्तकात शेवटी एक खिसा, खिशात पुस्तकाचे कार्ड आणि समोर तारीखपट्टी चिकटवावी. पुस्तक देताना कार्डावर विद्यार्थ्याचा क्रमांक व परतीची तारीख लिहून कार्ड ग्रंथपालाने ठेवून घ्यावे, तीच तारीख पट्टीवर टाकावी. कार्डे तारीखवार लावली म्हणजे कोणते पुस्तक कोणाकडे आहे, हे क्षणात कळते.

इतके होऊनही पुष्कळ शाळांत नवी पुस्तके कुलपातच राहतात. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हा रंगनाथन यांचा पहिला सिद्धांत १९३१ मध्येच ग्रंथरूपाने मांडला गेला. परंतु ज्या शिक्षकावर कपाटाचा भार असतो, त्याला सिद्धांतापेक्षा वार्षिक पडताळणीची धास्ती अधिक वाटते. हरवलेल्या पुस्तकाची किंमत आपल्या पगारातून जाईल, हे त्याचे भय अनाठायी म्हणता येत नाही.

केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत मात्र याचा विचार आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, ती अप्रामाणिकपणामुळे वा निष्काळजीपणामुळे झालेली नसल्यास, वाजवी मानता येते. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे अथवा दुर्मीळ पुस्तक हरवल्यास चौकशी व्हावयाचीच. हे प्रमाण वाचकांना दिलेल्या ग्रंथांवर मोजले जाते, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट. जेथे देवघेवच नाही, तेथे सवलतही नाही. केंद्राच्या नियमांखाली न येणाऱ्या शाळांच्या व्यवस्थापनांनीही असे प्रमाण लेखी ठरवून द्यावे.

पडताळणीच्या वेळी हरवलेल्या पुस्तकांची यादी होते, तशीच तारीखपट्टी कोरी राहिलेल्या पुस्तकांचीही करावी आणि ती पुस्तके थेट वर्गांत पाठवावीत.