अण्णांचे कान आम्ही मोजलेच नाहीत

लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्यांना घरातला म्हातारा ओरडून बोलतो याचं नवल वाटत नाही. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, २३ वर्षं कापड गिरणीच्या साचेखात्यात काढली. शेकडो साचे एकदम धडधडायचे, तिथे शेजारच्याशी बोलायचं ते हातवाऱ्यांनी. गिरणी बंद झाली तरी टीव्हीचा आवाज तिसऱ्या खोलीपर्यंत जायचाच. त्याला आम्ही कधी बहिरेपण म्हटलं नाही. साचेवाल्यांचं असंच असतं, एवढंच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. आमच्या भागात केईएम, टाटा, वाडिया, कामगारांचं गांधी रुग्णालय अशी हाकेच्या अंतरावर दवाखान्यांची रांग, त्यामुळे उपचार वेळेवर मिळाले. काठी धरून ते चालायला लागले, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि संडास गॅलरीच्या टोकाला. आई रात्री दोनदा उठून त्यांना धरून न्यायची.

कोणीतरी अपंगाचं सर्टिफिकेट काढायला सुचवलं, तर अण्णा भडकले. "मी काय पांगळा झालोय? चार महिन्यांत बरा होतो." मीही विषय सोडला. ही माझी पहिली चूक, आणि ती दोन वर्षं चालली. झटक्यासारख्या आजारात साधारण सहा महिने जाऊ देऊनच दिव्यांगत्व मोजतात, म्हणजे तेवढं थांबणं रास्त होतं. त्यापुढचं दीड वर्ष फुकट गेलं. त्या काळाची कुठलीच सवलत नंतर कोणी आम्हाला दिली नाही.

दुसरी चूक पैशांची. २०२३ मध्ये एका ओळखीच्या ओळखीने माणूस भेटला. रांग नको, तपासणी नको, साडेचार हजारांत सर्टिफिकेट घरपोच. आठवड्यात लॅमिनेट केलेला, गोल शिक्क्याचा कागद हातात आला. तो घेऊन मी एका कार्यालयात अर्जाला गेलो. खिडकीमागच्या बाईंनी नंबर संगणकात घातला, परत घातला, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, हे कुठेच दिसत नाही. हा कागद घेऊन पुन्हा कुठे जाऊ नका." १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र फक्त केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच, ऑनलाइन मिळतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. आणि खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ९१ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. माझे वडील खरोखर दिव्यांग आणि माझ्या हातात खोटा कागद! त्या दिवशी करी रोडचा पूल उतरताना पाय लटपटत होते.

खरा रस्ता सोपा निघाला, आणि त्याला एक रुपया लागत नाही. पोर्टलवर आधार, फोटो, पत्ता भरायचा, रुग्णालय निवडायचं, बोलावतील त्या दिवशी सगळी कागदपत्रं घेऊन जायचं. प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं आणि ते देशभर चालतं. आम्ही हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था निवडली. ती १९५५ पासून पुनर्वसनाचं काम करते आहे.

तिथे एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली. तपासणारं वैद्यकीय मंडळ आजार मोजत नाही, आजाराने मागे काय ठेवलं ते मोजतं. मी एमआरआयची जाडजूड फाइल पुढे करत होतो आणि डॉक्टर अण्णांना मूठ वळायला, खुर्चीतून उठायला, चार पावलं टाकायला सांगत होते. अण्णांनी मात्र सगळा जोर लावून छाती काढून चालून दाखवलं. घरात भिंत धरून चालणारा माणूस! म्हणून सांगतो, नेण्याआधी घरच्या माणसाशी नीट बोला. वाढवून काही दाखवायचं नाही, पण लपवायचंही नाही. रोज जमतं तेवढंच दाखवायचं.

आकडा आला ५० टक्के. कायद्याने ४० टक्के ही मुख्य पायरी आहे, म्हणजे ती आम्ही ओलांडली होती. पण अर्जात दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना मी फक्त हातापायाचा निवडला होता. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यांत ऐकू कमी येणं आहे, सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन आहे, मानसिक आजारही आहे. एकापेक्षा जास्त प्रकार निवडता येतात. हे मला ठाऊकच नव्हतं. दोन्ही कानांची श्रवणहानी ६० डेसिबलच्या वर असेल तर ते कायद्याने दिव्यांगत्व ठरतं. पुढच्या वर्षी अण्णांचे कान तपासले, तेव्हा कानांचे स्वतंत्र ४५ टक्के निघाले. चाळीस वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होतं ते.

५० आणि ४५ मिळून ९५ होतील असं मला वाटलं. तसं होत नाही. मोठा आकडा पूर्ण धरतात. तो ९० मधून वजा करून जे उरतं त्याला लहान आकड्याने गुणतात आणि ९० ने भागतात. आमचे ४० गुणिले ४५ भागिले ९०, म्हणजे २०. एकूण ७०. मंडळाने टक्के खाल्ले अशी तक्रार घेऊन भांडायला जाणारे मी पाहिलेत. आधी हा हिशेब मांडून बघा. तरी पटलं नाही तर रीतसर अपील करता येतं.

आता कोणाला काय मिळतं ते. कार्ड हातात आलं की सगळं आपोआप सुरू होतं, ही माझी आणखी एक चुकीची समजूत. प्रत्येक योजनेची अट निराळी. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० रुपये मिळतात, पण वय ६५ च्या आत हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. लालबागमध्ये एवढ्यात कोणतं कुटुंब जगतं? ही मर्यादा मुंबईसाठी अन्यायाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या पगारामुळे आम्ही त्यात बसलो नाही. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव, दोन्ही लागतं.

पेन्शन नाही म्हटल्यावर बरेच जण कार्ड कपाटात टाकतात. तसं करू नका. मुंबई महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाची योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात ४० ते ८० टक्क्यांच्या पिवळ्या कार्डाला सहा महिन्यांना ६ हजार आणि त्यावरच्या निळ्या कार्डाला १८ हजार रुपये आहेत. एसटीत दिव्यांगाला भाड्यात ७५ टक्के सूट आहे. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. कानांचे टक्के धरल्यावर गावी जाताना माझं तिकीट अर्धं झालं ते यामुळेच. रेल्वेची सवलत मात्र टक्क्यांवर मिळत नाही. हातापायाच्या दिव्यांगाला सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही, असा रेल्वेच्या नमुन्यातला वेगळा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा लागतो. स्लीपरला ७५ टक्के सूट, आणि सोबत्यालाही तेवढीच. प्राप्तिकर भरणाऱ्या मुलांना जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्क्यांच्या वर सव्वा लाखाची. नव्या पद्धतीत ती नाही.

कामगार विमा योजनेचं अपंगत्व हे वेगळंच खातं आहे. कामावर अपघात झाला असेल तर तिथलं मंडळ कमावण्याची ताकद किती गेली ते ठरवतं. तो टक्का दिव्यांग प्रमाणपत्राला चालत नाही आणि प्रमाणपत्राचा तिथे. दोन्ही अर्ज स्वतंत्र करा.

अण्णांना आता श्रवणयंत्र आहे. आई सांगते, परवा बऱ्याच वर्षांनी त्यांनी कुकरच्या शिट्ट्या मोजल्या.

तुमच्या घरात गिरणीत राबलेलं कोणी असेल, तर अर्ज भरण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या.