इंदूर पद्धतीचे खत आणि वसंतातील भाजीबाग

माघ सरत आला की कडुनिंब व शिरीष यांची पाने गळू लागतात. आवार झाडले जाते, पाचोळ्याचे ढीग लागतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या ढिगांस काडी लावली जाते. राखेत थोडे पालाश व चुना उरतो हे खरे. परंतु पानांतील नत्र व सेंद्रिय अंश धुराबरोबर निघून जातो. झाडाने वर्षभर जमिनीतून जे घेतले ते ते तिला परत देऊ पाहते आणि आपण मध्येच ते जाळून टाकतो. पुढे बागेसाठी खताची पोती विकत आणावयाची, हाही आपलाच व्यवहार! हा तोटा टाळण्याची शास्त्रशुद्ध रीत आमच्या इंदूर शहरातच सिद्ध झाली. म्हणून तिचा परिचय आम्हां इंदूरच्या विद्यार्थ्यांस असणे अगत्याचे आहे.

इ. स. १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत काम करीत होते. हिंदुस्थानातील व चीनमधील शेतकरी शतकानुशतके एकच जमीन कसूनही तिचा कस कसा राखतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. शेतातील काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व राख यांचे योग्य मिश्रण करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत त्यांनी येथे बसविली. या कामातील रसायनशास्त्राची बाजू यशवंत वाड यांनी सांभाळली, आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर वाडांचेही नाव आहे. ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३५ साली महात्मा गांधींनीही या संस्थेला भेट दिली होती. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

या पद्धतीचे मर्म समजले म्हणजे कृती आपोआप ध्यानात राहते. कचरा कुजविण्याचे काम सूक्ष्म जीव करतात. त्यांना अन्न, पाणी व हवा ही तिन्ही लागतात. वाळलेल्या पानांत कर्ब भरपूर, पण नत्र थोडे; म्हणून नुसता पाचोळा महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. शेण, हिरवे तण व भाज्यांची देठे यांतून नत्र मिळते. कर्ब नत्राच्या सुमारे तीसपट असला म्हणजे कुजण्याची क्रिया जोमाने चालते. राख व माती यांमुळे कुजताना उत्पन्न होणारी आम्लता कमी होते.

ढीग दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद व एक मीटर उंच असावा. तळाशी जाड काटक्या पसराव्यात, म्हणजे खालून हवा खेळते. त्यांवर वीतभर पाचोळा, त्यावर चार बोटे हिरवा कचरा, मग शेणकाला आणि शेवटी मूठ-मूठ राख व माती, असे थर एकावर एक द्यावेत. प्रत्येक थर ओला करावा. पण मूठभर कचरा पिळला असता पाण्याची धार लागू नये. तीन-चार दिवसांत ढीग तापू लागतो. आत खुपसलेली लोखंडी सळई काही वेळाने काढली तर ती हाताला चटका देते. पोटातील उष्णता साठ अंशांच्या आसपास जाते आणि तिने तणांचे बी व पुष्कळसे रोगजंतू मरतात. दोन-तीन आठवड्यांनी ढीग पालटावा, बाहेरचा कचरा आत व आतला बाहेर करावा. पुढे महिन्या-महिन्याने आणखी दोनदा पालटावा. ढिगाला दुर्गंधी आली तर पाणी फार झाले व हवा कोंडली असे समजून कोरडी पाने मिसळावीत. ढीग तापलाच नाही तर पाणी किंवा शेण कमी पडले असे जाणावे. तेलकट उष्टे, हाडे व प्लास्टिक त्यात मुळीच टाकू नये. काम संपल्यावर हातपाय साबणाने स्वच्छ धुवावेत.

येथे काळाचा हिशेब चुकता कामा नये. खताला तीन महिने लागतात; तेव्हा वसंतातील बागेचा ढीग दिवाळीच्या सुमारास, पावसाळी तण हाताशी असतानाच रचला पाहिजे. वसंतात गळणारी पाने मृगाच्या पेरणीस उपयोगी पडतात. तयार खत काळसर व भुसभुशीत असते. त्याला पहिल्या पावसातील मातीसारखा वास येतो. अर्धवट कुजलेले खत मात्र वापरू नये. ते मातीतील नत्र स्वतःच ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात.

माळव्याची काळी माती ओली असता फुगते व घट्ट होते आणि वाळली की भेगाळते. अशा जमिनीत गादीवाफे हितकर ठरतात. वाफा सव्वा मीटरहून रुंद नसावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो व वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. दोन वाफ्यांमध्ये हातभर वाट ठेवावी. माती खणून मोकळी करावी, दोन बोटे जाडीचा खताचा थर तीत मिसळावा व वाफा वीतभर उंच करावा. उंच वाफा उन्हाळ्यात लवकर सुकतो. म्हणून त्याच्या चारी कडा किंचित उचलून पाणी अडवावे आणि रोपांभोवती पाचोळ्याचे आच्छादन घालावे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका व तांबडा माठ लावता येतात. भेंडीचे बी रात्रभर भिजवून दोन ओळींत दीड फूट व दोन रोपांत एक फूट अंतर राखून टोकावे. माठाचे बारीक बी वाळूत मिसळून फेकावे. माठ महिन्याभरात, तर भेंडी सुमारे दीड महिन्यात हाती येऊ लागते. गवार व चवळी यांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र साठवितात. म्हणून पुढच्या हंगामात त्या वाफ्यात पालेभाजी घ्यावी. पाणी सकाळी किंवा संध्याकाळी घालावे.

२०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूरने अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळविला. येथे घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा केला जातो आणि ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा मोठा कारखाना २०२२ साली सुरू झाला. ही अभिमानाची गोष्ट खरीच; परंतु जो कचरा आवारातच मातीला देता येतो, त्याने गाडीत बसून दूर कशाला जावे? प्रत्येक वर्गाने एक ढीग व दोन वाफे अंगावर घ्यावेत, पालटण्याचे दिवस फळ्यावर लिहावेत आणि सुट्टीतील पाण्याची पाळी आधीच ठरवावी. शेणात हात घालण्याचा संकोच पहिल्या दिवशीच काय तो वाटतो. ज्या मातीवर हॉवर्ड व वाड यांनी सात वर्षे खपून जगाला ही विद्या दिली, त्याच मातीत आपण तिच्याविषयी अजाण राहावे, हे आम्हां विद्यार्थ्यांस शोभणारे नाही.