गोळी आधी, फोन नंतर

मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत आणि पिशोरच्या शिवारात भावाबरोबर शेती करतो. जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा आपल्या भागातही असे बरेच जण असणार, आणि त्यांच्या उशाशी आता मोबाईल असणार. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय.

आल्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर आमच्याकडे बऱ्याचदा रात्रीची लाईट असते. मोटर चालू करून बांधावर बसायचं आणि फोन काढायचा. घरी आल्यावरही तो खाली ठेवला जाईना. रात्रीच्या गोळीनं झोप येते, म्हणून गोळीच पुढं ढकलू लागलो. ती पहाटे कधीतरी घ्यायची, मग दुपारपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. हळूहळू धार काढणं राहिलं, दाढी राहिली, अंघोळही राहिली. घरात एकच बोलणं, फोननं पोरगं बिघडवलं.

ते अर्धंच खरं होतं. या आजारात मनाची उभारीच जाते. उठावं, कुणाशी बोलावं असं वाटत नाही. लोक त्याला आळस म्हणतात, पण तो आजाराचाच भाग आहे. ते रिकामपण फोन भरून काढतो आणि रात्र खाऊन टाकतो. झोप तुटली की आजार उचल खातो.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. आल्याच्या भावाचा विचार करावा आणि पुढचाच व्हिडिओ आल्याच्या भावाचा निघावा, याचं इतरांना घडीभर नवल वाटतं. मला मात्र वाटू लागलं की पडद्यावरच्या माणसाला माझ्या मनातलं कळतंय, तो माझ्याशीच बोलतोय. काय पाहिलं, कुठं थांबलो यावरून ॲप पुढचं निवडतं आणि ते सगळ्यांच्याच फोनमध्ये होतं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. यूट्यूबवर पाहिलेल्याची नोंद पुसून बंद करता येते. भाच्याकडून ती बंद करून घेतली आणि समोर येणारी व्हिडिओंची रांगच आटली. ‘गोळ्या सोडा, मुळापासून बरे व्हा’ सांगणारेही त्याच रांगेत असायचे. त्यांचं ऐकून गोळी बंद करू नका. आजार उलटतो, आणि तेव्हा तो व्हिडिओवाला मदतीला येत नाही.

घरच्यांना हात जोडून सांगतो, फोन हिसकावू नका. सगळे आपल्यावर पाळत ठेवतात असं ज्याला आधीच वाटतंय, त्याची शंका त्यानं पक्की होते. शिवाय फोन आमच्या उपयोगालाही येतो. कानात आवाज सुरू झाले की मी इयरफोन लावून भजनं ऐकतो, आवाज मागं पडतात. रात्री गाणी हवी असतील तर साधा रेडिओ द्या, त्याला पडदा नसतो.

आमच्या घरी बसून ठरवलं ते असं: जेवण झालं की आईसमोर गोळी, मग फोन ओसरीवर चार्जिंगला. उठायला गजराचं घड्याळ. रात्रीचं पाणी भाऊ देतो, दिवसाचं मी. कधी मोडतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरतो. सगळ्यांना हेच जमेल असं नाही, पण ठरवताना आजारी माणसाला विचारा.

छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाणं लगेच जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, रात्रीही चालू, आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना ‘दिवसभर मोबाईल बघतो’ एवढंच सांगून थांबू नका. किती वाजता झोपला, गोळी कधी घेतली, अंघोळ केली का, कामाला हात लावला का, हे वहीत लिहून न्या. आणि लागोपाठ दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.