स्वच्छ बांधाची हौस

टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला आमची सव्वा एकर जमीन आहे. पावसाळ्यात भात, भात निघालं की विहिरीच्या पाण्यावर काकडी, दुधी, कारली. मी डोंबिवलीत राहतो, नोकरी मुंबईला. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार शेत काकांच्या ताब्यात, शनिवार-रविवार माझ्या. पुढे जो घोळ झाला तो सगळा शनिवार-रविवारचा.

सुरुवात बांधापासून झाली. आमच्या बांधांवर रुई, टाकळा, एकदांडी, कुर्डू, एरंड, मध्येच घाणेरी, असा सगळा गबाळा कारभार. शेजारच्या फार्महाऊसवाल्यांचे बांध मात्र दाढी केल्यासारखे गुळगुळीत. मला लाज वाटायची. एका डिसेंबरात तणनाशक आणलं आणि दोन फेऱ्यांत सगळे बांध करपवून टाकले. मांडव नवा घालायचा म्हणून जुने वाळके बांबू शेकोटीत गेले. काका एवढंच म्हणाले, "रुई तरी ठेवायची होतीस." मला वाटलं, मारुतीच्या माळेसाठी म्हणत असतील.

फेब्रुवारीत काकडी फुलावर आली आणि पानांवर लाल भुंगेरे दिसले. दुकानदाराने औषध दिलं. डब्यावरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण कुठल्या रंगाचा आहे हेही मी पाहिलं नाही. शनिवारी सकाळी आठला पंप पाठीवर घेतला, कारण मला सवड तेव्हाच. काकडीचं फूल पहाटे उमलतं आणि मधमाशीची वर्दळ दुपारच्या आत आटोपते. म्हणजे मी भर बाजाराच्या वेळी फवारलं. रविवारी एका फुलात सातेरीची माशी मेलेली दिसली. पाय पोटाशी दुमडलेले, मागच्या पायांवर पिवळ्या परागाच्या गोळ्या तशाच. मग वाकून बघत गेलो, तर वेलाखालच्या मातीत आणखी दहा-बारा.

काकडीला नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी. इकडचा पराग तिकडे माशीनेच न्यायचा. तो पुरेसा पोचला नाही की बिया धरत नाहीत, आणि जिथे बी नाही तिथे फळ भरत नाही. आमची काकडी देठाकडे फुगलेली, टोकाला चिमटलेली, कोयत्यासारखी वाकडी निघाली. कल्याणच्या बाजारात व्यापाऱ्याने निम्मा माल बाजूला काढला. काका म्हणाले, "फुलाला माशीच नाय, तं फल कसा धरल?" काकूने नरफुलं खुडून मादीफुलांना लावायचा घाट घातला. दोन सकाळी खपून निम्मा मांडवही झाला नाही. त्या मजुरीचा हिशेब मांडला तेव्हा माशी आपलं किती काम फुकट करते ते कळलं.

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळ्याला गेलो. राजेंद्र ओवळेकर या शिक्षकाने घरच्या दोन एकरांवर उभी केलेली फुलपाखरांची वाडी तिथे आहे. रस्त्याकडे बघावं तर टॉवर, आत शिरावं तर शंभरावर जातींची फुलपाखरं. मी फुलं बघायला गेलो होतो. नजरेत भरली ती कुरतडलेली पानं. फुलपाखराला मध कुठल्याही सोयीच्या फुलातला चालतो, पण अंडी घालायला ठरलेलंच झाड लागतं, कारण अळी दुसऱ्या पानाला तोंड लावत नाही. रुईवर बिबळ्या कडवा, बहावा आणि टाकळ्यावर भटके तांडेल, पानफुटीवर चिमुकला रेड पिएरो. यातली रुई आणि टाकळा ही तर मी बांधावर करपवलेल्या यादीतलीच नावं!

घरी येऊन कढीपत्ता पाहिला. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका होता. काडीने हलवला तर डोक्यामागून नारिंगी शिंगांची जोडी बाहेर आली आणि लिंबासारखा उग्र वास सुटला. अळीच ती. असल्याच अळ्यांसाठी मी दरवर्षी विहिरीजवळच्या लिंबावर फवारत आलो होतो. महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉर्मनला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला; असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तिच्याही अळ्या लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात. पूर्ण वाढलेल्या झाडाची चार पानं गेली तर लिंबं कमी होत नाहीत. रोप लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवा, इतकंच.

खरं सांगायचं तर परागीभवनात फुलपाखराचा वाटा माशीपेक्षा थोडा. पण ते डोळ्यांना दिसतं. फुलपाखरं दिसेनाशी झाली तर न दिसणाऱ्यांचं काय झालं असेल, याचा अंदाज बांधा.

आता फवारणीबद्दल, कारण लोक इथेच फसतात. "संध्याकाळी मारा" हा सल्ला काकडी-कारल्याला ठीक, फुलं तोवर मिटलेली असतात. पण दुधी, पडवळ, शिराळी संध्याकाळीच उमलतात आणि त्यांच्याकडे रात्री पतंग येतात. तिथे तीच वेळ घातक. शिवाय इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात मुरतं आणि तिथून मध-परागात उतरतं. त्याला सकाळ काय नि संध्याकाळ काय. युरोपीय संघाने 2018 मध्ये ते उघड्या शेतात वापरायला बंदी केली. आम्ही आता लाल भुंगेरे पहाटे थंडीने सुस्त असताना हाताने वेचतो, कोवळ्या वेलांवर चुलीतली राख धुरळतो, फळमाशीला क्यू-ल्यूरचे कामगंध सापळे टांगतो. यानेही भागलं नाही तर निंबोळी अर्क. पीक फुलावर असताना दुकानदार "जोरदार" म्हणून काही देऊ लागला, तर आधी डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल किंवा पिवळा असला तर डबा तिथेच ठेवा. हिरवा असला म्हणून निर्धास्त होऊ नका; तो रंग माणसासाठी लावलेला असतो, माशीसाठी नव्हे.

बांध पुन्हा गबाळा व्हायला दोन पावसाळे लागले. मी एकच केलं: एका वर्षी एकाच बाजूचा बांध विळ्याने छाटायचा, दुसरी बाजू तशीच सोडायची. एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या उघड्या मातीत बिळं करतात, म्हणून बांधाचा एक तुकडा नांगर आणि प्लॅस्टिकचा कागद दोन्हींपासून वाचवला आहे. फार्महाऊसवाल्यांना एक सांगणं आहे. नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची फुलं दिसायला भरगच्च, पण पाकळ्यांच्या गर्दीत मध आणि पराग हाताला लागत नाही. त्यापेक्षा तुळस मोकळी फुलू द्या, कुंपणाला निर्गुडी लावा.

राहिले ते शेकोटीत घातलेले बांबू. काळा भुंगा अशाच वाळक्या बांबूला भोक पाडून आत पिल्लं वाढवतो. या फेब्रुवारीत मांडवाच्या एका खांबाखाली पिवळट भुशाची रेघ पडलेली दिसली. वर बोटभर रुंदीचं गोल भोक, आत गुरगुर. काका म्हणाले, "बांबू गेला." मी शेजारी दुसरा बांबू बांधला आणि पहिला तसाच राहू दिला.