हौदातील दगड

बागेतील लहानशा हौदात सोनेरी मासे सोडले, की त्याच्या तळाशी सुंदर दगड मांडावेत असे कोणालाही वाटते. परंतु मुलांनो, आपल्या दृष्टीने जी केवळ शोभा, ती माशांच्या घराचा भाग असते. घर सुखाचे नसेल, तर पक्षी उडून जातो, मांजर दुसरा आसरा शोधते. हौदातील मासा कोठे जाणार? म्हणून दगड निवडताना डोळ्यांबरोबर बुद्धीचाही उपयोग केला पाहिजे.

दगड पाण्यात विरघळत नाही, असा आपला समज असतो. तो सर्वस्वी खरा नाही. संगमरवर, चुनखडक, शिंपले आणि पोवळे यांत कॅल्शियम कार्बोनेट असते. किंचित आंबट गुणाच्या पाण्यात ते हळूहळू विरघळते. त्यामुळे पाणी जड होते व त्याचा अल्कधर्म वाढतो. माशांच्या शरीरातून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. पाण्याचा अल्कधर्म वाढला, की त्या अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. एखाद्या खड्याने मासे दगावत नाहीत, हे खरे. परंतु लहान हौदात अशा दगडांची रास घालणे धोक्याचे आहे.

याची परीक्षा घरीच करता येते. दगड खरवडून त्याच्या चुऱ्यावर शिर्क्याचे दोन-चार थेंब टाका. बुडबुडे उठले, तर तो कार्बन डायऑक्साइड वायू होय. असा दगड बाजूला ठेवा.

आपल्या महाराष्ट्रातील काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, या कामी उत्तम. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थिजून तो बनला. ग्रॅनाइट आणि गारगोटी हेही पाण्यात स्थिर राहतात. मात्र काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे कॅल्साइट असते. म्हणून पांढरे ठिपके असलेल्या दगडाचीही परीक्षा घ्यावी.

शिर्क्याने सर्वच दोष कळत नाहीत. धातूसारखी चकाकी, हिरवे-निळे डाग किंवा गंज दिसला, तर दगड घेऊ नये. तांब्यासारखे धातू पाण्यात उतरले, तर माशांना घातक ठरतात. रंग चढविलेले खडेही टाळावेत. धारदार कडांनी माशांचे पर फाटतात. सोनेरी मासा खडे तोंडात घेऊन चाळतो. म्हणून त्याच्या तोंडात अडकेल एवढा खडा नको. निवडलेले दगड स्वच्छ पाण्याने घासून धुवावेत. साबण मुळीच लावू नये.

रस्त्याकडेचा साधा काळा गोटा बाजारातील चकचकीत खड्यापुढे फिका दिसेल. परंतु दगडाचे मोल त्याच्या झळाळीवरून नव्हे, त्याच्या सोबतीत राहणाऱ्या जिवाच्या सुखावरून ठरते. मासा मुका आहे. त्याच्या वतीने विचार करणे हे हौद बांधणाऱ्याचे कर्तव्य आहे.